पणजीचं माहेर शोधायचंय: वंशावळीचं काम जाणणारा माणूस नागपुरात कसा निवडावा?

धंतोलीची लेक (११ जानेवारी, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, सांभाळून घ्या.

माझे बाबा ८४ वर्षांचे आहेत. राहतो धंतोलीत, मूळ गाव उमरेडकडचं. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. आत अकरा मोडी कागद, काही पावत्या, एक फाटका नकाशा आणि हळदीचे डाग पडलेली एक यादी. बाबा ते कागद मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिले आणि मग म्हणाले, "यात माझ्या आजीचं माहेरचं नाव असेल काय गं?"

बाबांची आई त्यांच्या लहानपणीच गेली. त्यांना वाढवलं आजीने, म्हणजे माझ्या पणजीने. ती गेली तेव्हा बाबा नऊ वर्षांचे होते. घराण्यातल्या पुरुषांची नावं बाबांना सात पिढ्यांपर्यंत तोंडपाठ आहेत. श्राद्धात पणजीचंही नाव घेतलं जातं, पण ते सासरचं. माहेरी तिला काय म्हणायचे, आडनाव काय, गाव कुठलं, हे आज कुणालाच माहीत नाही. माझ्या काकांनी वीस वर्षांपूर्वी वंशवृक्ष छापून घेतला होता. त्यात ती नावापुरतीसुद्धा नाही, नुसत्या पुरुषांच्या चौकटी.

अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो, तिकडे या कामाची परीक्षा दिलेली, प्रमाणपत्र असलेली माणसं असतात, पैसे देऊन काम सोपवता येतं. आपल्याकडे असं कुणी आहे का? असल्यास त्याची लायकी कशावरून ओळखायची? पैसे कसे ठरवायचे? पेटी दिली आणि कागद परत आलेच नाहीत तर? बाबांच्या डोळ्यांदेखत हे व्हावं एवढीच इच्छा आहे.

रेकॉर्डरूमवाले काका (१२ जानेवारी, सकाळी ६:१५)

ताई, मी महसूल खात्यात ३१ वर्षं होतो, त्यातली शेवटची नऊ अभिलेख कक्षात. तुमच्या बाबांचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

आपल्याकडे वकिलाला जशी सनद असते तशी या कामाला नसते. त्यामुळे "क्वालिफाईड" म्हणजे काय हे आपणच तपासायचं. माझी कसोटी सोपी आहे. त्या माणसाला आपल्या भागाच्या कारभाराचा इतिहास येतो का ते पाहा. कागद कुठे असेल हे त्यावरच ठरतं.

नागपूरला भोसल्यांचं राज्य. तिसरे रघुजी १८५३ च्या डिसेंबरात वारले, गादीला वारस नव्हता, १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला. १८६२ मध्ये नागपुरातून वर्धा जिल्हा वेगळा काढला. म्हणून वर्धेकडच्या माणसाचा त्याआधीचा कागद नागपूरच्या नावाखाली शोधावा लागतो. वऱ्हाड तर निराळंच: ते निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांच्या हाती आलं आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडलं गेलं. तिकडे रयतवारी, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा; इकडे मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून भरायचा. अमरावतीचे कागद कोळून प्यालेला माणूस उमरेडच्या कागदांत अडखळू शकतो, आणि उलटही.

आपल्याकडे १८६० च्या दशकात पहिला मोठा बंदोबस्त, म्हणजे जमिनीची पाहणी करून सारा ठरवण्याचं काम, झालं, त्यात मालगुजारांना मालकी मिळाली. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. या मधल्या काळात कुळांची, पट्टीदारांची (गावातल्या हिस्सेदारांची), मालगुजारांची नावं बंदोबस्ताच्या मिसलींत (फायलींत), अधिकार अभिलेखात, पी-१ खसऱ्यात (शेतवार नोंदींच्या कागदात) सापडतात. शाळेतलं दाखल-खारीज रजिस्टर आहे. आणि सगळ्यात मोलाची म्हणजे कोतवाल बुकं. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर द्यायचा, ती त्यात चढायची. बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच, "अमक्याला मुलगा झाला" एवढंच. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीचे महिने असलेली बुकं मी हाताळली आहेत. पानंच्या पानं मृत्यूच्या नोंदी. आपल्याकडे तिला मानमोडी म्हणायचे. ती पानं उलटताना कक्षात कुणी बोलायचं नाही.

आता तुमची खरी अडचण सांगतो. या सगळ्या कागदांत बाई आली तर "जौजे अमुक" म्हणून, म्हणजे अमक्याची बायको. लग्नाची नोंद त्या काळी होत नसे. म्हणून पणजीचं माहेर सरळ वाटेने मिळणार नाही, आडवाटेने जावं लागेल. "आठ दिवसांत आणून देतो" म्हणणाऱ्याला काम देऊ नका.

अमोल_मानेवाडा (१२ जानेवारी, दुपारी १:०५)

फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रं आहेत, फुकट पाहता येतात. तुमच्याकडचं कुणी गंगेवर गेलं असेल तर बघा. त्र्यंबकेश्वर, प्रयाग, काशी, गया इथल्या उपाध्यांकडेही वह्या असतात. वही बहुधा मूळ गावावरून काढतात. त्यामुळे गावाचं जुनं नाव घेऊन जा.

कळमेश्वरकर (१२ जानेवारी, रात्री ८:३०)

धंतोलीच्या ताई, माझा अनुभव मुद्दाम लिहितोय. आमच्यावर जी वेळ आली ती तुमच्यावर येऊ नये.

सहा वर्षांपूर्वी आम्ही भावंडांनी पैसे जमवून एका माणसाला आमच्या घराण्याचा इतिहास काढायला सांगितला. नाव लिहीत नाही. दोन महिन्यांत त्याने सोनेरी अक्षरांचं, मखमली बांधणीचं पुस्तक आणून दिलं. १९ पिढ्या! वरच्या टोकाला भोसल्यांच्या दरबारातला एक सरदार. वडिलांचे डोळे भरून आले. त्यांनी पहिलं पान फ्रेम करून बैठकीत लावलं. नात्यातल्या लग्नांत आम्ही ते पुस्तक मिरवलं.

पुढे पुतणीच्या कामासाठी बंदोबस्ताच्या नकला काढल्या, तेव्हा कळलं की आमचे खापरपणजोबा त्या गावात साधं कूळ होते. दुसऱ्याची जमीन कसत होते. मधल्या चार पिढ्यांची नावंही पुस्तकाशी जुळेनात. मी त्या माणसाला फोन करून विचारलं, हे नाव कुठल्या कागदात मिळालं? उत्तर आलं, "परंपरेने चालत आलेलं आहे." कुणाच्या परंपरेने? आमच्या घरात तर ते नाव कधी कुणी घेतलं नव्हतं.

पैसे गेले त्याचं मला काही वाटत नाही. वडील गेले ते त्या सरदाराला आपला पूर्वज मानून गेले, हे मनातून जात नाही. आणि ज्या माणसाने मालगुजाराच्या शेतात राबून आम्हाला इथवर आणलं, त्याचं खरं नाव आम्ही पुसून टाकलं होतं. आता बैठकीत त्या नकलेची फ्रेम आहे.

एकच सांगतो. प्रत्येक नावाखाली "हे कुठून घेतलं" असं लिहून देणार असेल, तरच काम द्या.

एडिसनचा नागपूरकर (१३ जानेवारी, सकाळी ५:५०)

मी रामदासपेठेतला, २२ वर्षं न्यू जर्सीत आहे. मावसभाऊ म्हणतात ते खरं आहे, फक्त त्यातले फरक समजून घ्या.

अमेरिकेत प्रमाणपत्र देणारी एक मंडळी १९६४ पासून आहे, बोर्ड फॉर सर्टिफिकेशन ऑफ जिनिऑलॉजिस्ट्स. ते परीक्षा घेत नाहीत. उमेदवाराने केलेलं संशोधन मागवतात, परीक्षक ते तपासतात, आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. दुसरी संस्था आयकॅपजेन. ती विशिष्ट प्रदेशाची लेखी आणि तोंडी परीक्षा घेते, म्हणजे माणूस नेमक्या कुठल्या भागाचा जाणकार आहे ते कळतं. तिसरी असोसिएशन ऑफ प्रोफेशनल जिनिऑलॉजिस्ट्स, १९७९ ची. तिचे सभासद आचारसंहितेवर सही करतात, पण सभासद असणं म्हणजे परीक्षा उत्तीर्ण होणं नव्हे. इथले लोकही यात गल्लत करतात.

माझ्या बायकोचं घराणं इथलं. तिच्या पणजोबांसाठी आम्ही अशाच एका बाईंना काम दिलं होतं. त्यांनी २५ पानांचा अहवाल दिला, आणि त्यातली सात पानं "इथे इथे पाहिलं, नोंद मिळाली नाही" याची होती. तेव्हा मला राग आला, न मिळालेल्याचे पैसे कशाला द्यायचे म्हणून. आज वाटतं, तीच सात पानं सगळ्यात प्रामाणिक होती. नंतर दुसऱ्या कुणाला तिथे पुन्हा खपावं लागलं नाही.

तिकडे मानतात ते पुराव्याचं प्रमाण नागपुरातही वापरता येतं: शोध पुरेसा झाला का, प्रत्येक गोष्टीचा ठावठिकाणा दिला का, पुरावे पारखून घेतले का, दोन कागद एकमेकांच्या विरुद्ध बोलत असतील तर त्याचा उलगडा केला का, आणि निष्कर्ष लेखी, कारणांसह मांडला का. प्रमाणपत्र नसलेला माणूसही असं काम करत असेल तर तो लायक आहे. त्याने आधी केलेल्या कामाचा नमुना मागा, त्या कुटुंबाची नावं झाकून.

कामठीकर (१३ जानेवारी, रात्री १०:२०)

आमचं घर कामठीचं, ख्रिस्ती. पणजोबांचे वडील गोरे शिपाई होते, एवढंच घरात सांगत. कामठीची छावणी १८२१ ची, त्यामुळे अशी घरं इथे बरीच आहेत.

मी स्वतः दोन वर्षं खटपट केली. नागपूर म्हणजे मुंबईकडे असेल, नाहीतर कलकत्त्याकडे, असं धरून दोन्हीकडच्या सूची पालथ्या घातल्या. काही हाती लागलं नाही. शेवटी इंग्लंडमध्ये अॅग्राचा सभासद असलेला एक संशोधक गाठला. ही तिथल्या संशोधकांची १९६८ पासूनची संघटना आहे, सभासद करून घेण्याआधी काम तपासते. त्याने माझं पत्र वाचून पहिल्याच उत्तरात लिहिलं, की कामठीला फौज मद्रासची असायची, तुम्ही चुकीच्या इलाख्यात शोधताय. हिंदुस्थानातल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन या नोंदींच्या प्रती लंडनला जात, त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इलाख्याप्रमाणे लावलेल्या आहेत. मद्रासच्या बाडात लग्नाची नोंद मिळाली. नवरीचं नाव मात्र बाप्तिस्म्यानंतरचं, तिचं मूळ नाव नाही. म्हणजे तुमच्या पणजीसारखंच आमच्याकडेही ते दार तिथेच बंद झालं.

मी पैसे दिले ते त्या एका वाक्याचे. बाकीचं शोधणं मलाही जमलं असतं.

मोडीवाचक (१४ जानेवारी, सायंकाळी ७:००)

संक्रांतीच्या शुभेच्छा सगळ्यांना. मी मोडी वाचतो, पंधरा वर्षं झाली.

ताई, अकरा कागद आहेत म्हणता. आधी उजेडात, सपाट ठेवून प्रत्येकाचे मागून-पुढून फोटो काढा. घड्या जबरदस्तीने उघडू नका, लॅमिनेशन तर कधीच करू नका. आणि मूळ कागद कुणालाही नेऊ देऊ नका. मलासुद्धा नाही. वाचायला फोटो पुरतो. नाहीच पुरला तर वाचणाऱ्याने तुमच्या घरी यावं.

मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, हात न उचलता ओळ जाते. म्हणून वाचणाऱ्याने दोन गोष्टी वेगळ्या द्यायला हव्यात: ओळीला ओळ जसंच्या तसं लिप्यंतर, आणि त्याखाली आजच्या भाषेत अर्थ. नुसता अर्थ दिला तर चूक कुठे झाली ते कुणालाच शोधता येत नाही. जिथे लागलं नाही तिथे "अक्षर लागत नाही" असं लिहायचं, अंदाजाने नाव भरायचं नाही.

तारखांची एक गंमत सांगतो. जुन्या मराठी कागदात "इसन्ने अशरीन मयातैन व अलफ" असं दिसलं तर घाबरू नका. ते अरबी आकडे आहेत: दोन, वीस, दोनशे, हजार. म्हणजे सुहूर सन १२२२; हे मृग नक्षत्रापासून सुरू होणारं जुनं वर्ष. त्यात ५९९ मिळवा, १८२१ येतं, आणि मृगाच्या आधीचे काही महिने पुढच्या वर्षात जातात. शकात ७८ मिळवायचे. फसली या महसुली सनाचा हिशेब वेगळा. सन ओळखायला चुकलेला माणूस आजोबाला नातवाचा मुलगा करून ठेवतो, हे मी पाहिलंय.

मोडी वाचता येणं आणि वंश लावता येणं ही दोन निराळी कामं आहेत. मला पहिलं येतं. दुसरं मी करत नाही, आणि कुणी विचारलं तर तसं सांगतो. मोडी शिकायची असेल तर पुराभिलेख संचालनालय वर्ग घेतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना फार मागणी आली होती. तेव्हापासून महिन्याभरात शिकून पाटी लावणारेही पुष्कळ झाले आहेत. जपून.

धंतोलीची लेक (१५ जानेवारी, रात्री ११:१०)

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. बाबांना वाचून दाखवते आहे, ते चष्मा लावून ऐकतात. कळमेश्वरकरांचं ऐकल्यावर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला सरदार नको, मला माझी आजी पाहिजे."

काका, तुम्ही आडवाट म्हणालात म्हणून बाबांना विचारलं की आजी कसल्या गोष्टी सांगायची. त्यांनी एक सांगितली. ती म्हणायची, आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लोक नदीत उभे राहून एकमेकांना दगड मारतात, मधोमध झाड गाडलेलं असतं, आणि आम्ही पोरी माडीवरून बघायचो. बाबांना लहानपणी ती बनवलेली गोष्ट वाटायची, कारण आपल्याकडे त्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबत. याचा काही उपयोग आहे का?

बिडगावची सून (१५ जानेवारी, रात्री ११:३२)

अवो ताई, हे तं पांढुर्ण्याची गोटमार होय! माहं माहेर तिकडलंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पयसाचं झाड गाडतेत, त्याले झेंडा बांधतेत. इकून पांढुर्णेवाले, तिकून सावरगाववाले, मंग दिवसभर गोटे चालतेत. तुमची पणजी माडीवरून पाहे म्हंते तं घर नदीजवळच असन. माह्या अंगावर काटा आला वाचून.

रेकॉर्डरूमवाले काका (१६ जानेवारी, सकाळी ६:०५)

सूनबाई, तुम्ही जे केलंत ते आम्हाला वर्षभर मिसली चाळून जमलं नसतं.

ताई, आता दिशा बदलली. पांढुर्णा जुन्या छिंदवाडा जिल्ह्यातलं. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, आपले विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. भाषा मराठी, सोयरिकी इकडे, कागद तिकडे. आता २०२३ पासून पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा आहे, तरी जुन्या नोंदींसाठी आधी छिंदवाड्यालाच विचारा. आपला नागपूरचा माणूस तिथे परका ठरेल, हे त्याने स्वतःहून कबूल केलं तर तो चांगला.

आणि शोध जमिनीच्या कागदात नको, नोंदणी कचेरीतल्या दस्तांत घ्या. बापाने, भावाने तिला काही लिहून दिलं असेल, बक्षीसपत्र, हक्कसोड, तर त्यात नातं लिहावंच लागतं. भाऊ बहिणीचं नाव तिथेच घेतो.

इंदोऱ्याची मुलगी (१६ जानेवारी, रात्री ९:१५)

या धाग्यात एक गोष्ट मांडावीशी वाटते. काका, तुम्ही कोतवाल बुकांबद्दल लिहिलंत. आपल्या भागात कोतवालकी कितीतरी गावांत महार घरांकडे होती. माझे खापरपणजोबा कोतवाल होते. त्यांना लिहिता येत नव्हतं. गावात कोण जन्मलं, कोण गेलं ते लक्षात ठेवून ते ठाण्याला चालत जायचे आणि तिथे ते लिहून घेतलं जायचं. आज सगळ्या गावाचे दाखले ज्या बुकावर निघतात, ते त्यांच्या पायांनी तयार झालंय. गावातल्या सगळ्यांनी हे माहीत करून घ्यावं असं मला फार वाटतं.

मी जेव्हा संशोधकाला काम दिलं, तेव्हा त्याने पहिल्या मसुद्यात आमच्या माणसांची नावं "सुधारून" लिहिली. कागदात होतं किसन्या, धोंड्या, सटवी. त्याने किसन, धोंडिबा, सटवाबाई केलं. त्याचा हेतू वाईट नव्हता. पण मी म्हटलं, जसं आहे तसं लिहा. त्यांना तसं लिहिलं गेलं, हाही आमचा इतिहास आहे. अहवालात मूळ नोंद जशीच्या तशी ठेवली, आणि आमच्या घरच्या वंशावळीत मी आदराची नावं लिहिली. १४ ऑक्टोबर १९५६ नंतरच्या कागदांत आजोबांपुढे "बौद्ध" लिहिलेलं पाहिलं, तेव्हा आईने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

म्हणून ताई, माणूस निवडताना तो तुमच्या माणसांबद्दल कसा बोलतो तेही ऐका.

सदरचे वकील (१७ जानेवारी, दुपारी ३:४०)

कायद्याच्या बाजूने थोडं.

घराण्याचा इतिहास आणि जात पडताळणी यांची सरमिसळ करू नका. पडताळणीला विशिष्ट तारखांच्या आधीचे पुरावे लागतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. तिथे प्रमाणित नक्कलच चालते आणि सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. "नोंद मिळवून देण्याची हमी" देणारा कुणी भेटला तर त्याच्या दारातूनच परत फिरा. खोटा कागद निघाला तर जात प्रमाणपत्राच्या २००० च्या अधिनियमाखाली तो गुन्हा आहे, आणि प्रमाणपत्र ज्याच्या नावाचं त्याचंही नाव त्यात येतं.

ताईंचं काम निराळं आहे, पण लिहून घेणं इथेही हवं. प्रश्न एकाच वाक्यात लिहा: "अमुक बाईचं माहेर कुठलं?" घराण्याचा समग्र इतिहास असं लिहिलं की काम संपत नाही. पैसे टप्प्याने द्या, आणि ते शोधाचे द्या, सापडण्याचे नाही. सापडल्यावरच पैसे अशी अट घातली की माणसाला काहीतरी सापडवून आणायचा मोह होतो. नकलांची फी, प्रवास, मोडीचं लिप्यंतर हे वेगळं धरा. फोटो आणि नकला तुमच्या मालकीच्या राहतील हेही घाला.

लोक एक कलम विसरतात. शोधात दुसरं लग्न, दत्तक, सोडून दिलेलं मूल असं काही निघालं तर ते कुणाला सांगायचं, कुणाला नाही, हे आधीच ठरवा. हयात माणसांची माहिती त्यांना न विचारता अहवालात घालू नये.

दस्तांबद्दल काकांचं बरोबर आहे. नोंदणी कायदा १९०८ चा. स्थावराचे दस्त ज्या पुस्तकात नोंदले जातात त्याची सूची फी भरून कुणालाही पाहता येते. मृत्युपत्रांच्या पुस्तकाला मात्र वेगळे नियम आहेत.

धंतोलीची लेक (२३ मे, रात्री १०:०५)

चार महिन्यांनी लिहितेय, माफ करा. घडलं ते सगळं सांगते.

कामासाठी एक बाई मिळाल्या, इतिहासाच्या एम.ए. पहिल्या भेटीत मी काकांनी लिहिलेलं वर्ध्याचं विचारलं, की वर्धेकडच्या माणसाचा १८६२ च्या आधीचा कागद कुठे शोधायचा. त्यांनी लगेच उत्तर दिलं, आणि उलट मलाच विचारलं की तुमचं गाव खालशाचं, म्हणजे थेट सरकारचं होतं, की कुणाच्या मालगुजारीतलं. मग मी बाकी काही विचारलं नाही. त्यांनी जुन्या कामाचा नमुना दाखवला, नावं झाकून. प्रत्येक वाक्याखाली कागदाचा पत्ता. वकीलसाहेबांनी सांगितल्यासारखं एका पानावर लिहून घेतलं.

मोडी कागद दुसऱ्या गृहस्थांनी घरी येऊन वाचले. दहा कागदांत पणजी नाही. कर्जाच्या पावत्या, बैलांचा व्यवहार, एका विहिरीचं भांडण. बाबांना त्या विहिरीचंच फार वाटलं, लहानपणी तिथे पोहले होते. अकराव्या कागदाच्या कोपऱ्यात मात्र एका माणसाच्या नावापुढे "रा. सावरगाव" आणि रक्कम पावल्याची सही होती. तो कोण, ते कळेना. आमच्या घराण्यात ते आडनाव नाही.

इथे त्या बाई थांबल्या. म्हणाल्या, सावरगाव नावाची गावं पुष्कळ आहेत, नरखेडकडेही एक आहे, गोटमारीच्या गोष्टीवरून हेच धरणं बरोबर नाही. पुढचं काम छिंदवाड्याच्या माणसाने करावं, मला तिथलं दफ्तर माहीत नाही. उरलेली आगाऊ रक्कम त्यांनी परत केली. मी नको म्हटलं तरी केली. अहवालात "न मिळालेलं" असं एक अख्खं पान आहे, आणि मी ते जपून ठेवलंय.

छिंदवाड्याला एका निवृत्त दस्तलेखकांनी मदत केली. तीन खेपा झाल्या. दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा १९२६ च्या सूचीत एक बक्षीसपत्र निघालं. नक्कल नागरी अक्षरात, भाषा हिंदी. लिहून देणारा तोच, अकराव्या कागदावरचा माणूस. घेणारी माझी पणजी: आधी सासरचं नाव, जौजे म्हणून पणजोबांचं नाव, आमचं गाव, तहसील उमरेड, सगळं जुळतंय. आणि पुढे "मेरी सगी बहन", मग "उर्फ" लिहून तिचं माहेरचं नाव. दिलेली मिळकत म्हणजे नदीकाठच्या घराचा एक खण.

रेकॉर्डरूमवाले काका (२४ मे, सकाळी ५:५५)

ताई, सकाळी सकाळी डोळे ओले केलेत. नक्कल प्रमाणित घेतली ना? आणि तो अकरावा कागद बक्षीसपत्राच्या शेजारी ठेवा, दोन्ही मिळून पुरावा होतो.

बिडगावची सून (२४ मे, सकाळी ९:२०)

नाव काय हो ताई आजीचं?

धंतोलीची लेक (२४ मे, रात्री ९:५०)

काका, हो, प्रमाणित घेतली. माझ्या सख्ख्या काकांनी छापलेल्या वंशवृक्षाची नवी प्रत काढतेय, तिच्या चौकटीत दोन्ही नावं येतील.

सूनबाई, नाव इथे नाही लिहीत, रागावू नका. काल बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी ते दोन-तीनदा हळूच म्हणून पाहिलं. म्हणाले, तिच्या मरणाच्या आधी एक म्हातारा पाहुणा आला होता आणि तो तिला या नावाने हाक मारत होता. मला वाटलं होतं दुसऱ्याच कुणाला बोलावतोय. तोच भाऊ असेल काय, हे आता कुठल्या कागदात मिळणार नाही.

त्यांना लगेच पांढुर्ण्याला निघायचं होतं, गाडी कितीला आहे विचारत होते. मी म्हटलं, बाबा, ऊन केवढं आहे, नदी कोरडी असेल. पाऊस पडू द्या, मग जाऊ. तुमच्या माहेरची कुणी माणसं नदीकाठी असतील तर मला निरोप करा. बाबांना माडी असलेली जुनी घरं बघायची आहेत.